गाय बघण्याआधी रान बघ

ये गं धाकले, बस इथं ओट्यावर. आई झोपली, पोरं झोपली, आपण दोघीच जाग्या. दर नागपंचमीला हे असंच होतं. दिवसभर झोका, फेर, पुरणाची दिंडं, आल्यागेल्याचं हळदीकुंकू; त्यात बोलायला कुठली सवड? आणि आज हाताला कामही नाही. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, माती खणायची नाही. वर्षातून एकदा विळीला आणि खुरप्याला सुट्टी, म्हणजे आपल्यालाच सुट्टी.

मघाशी ताटावर तू आईला हळूच सांगत होतीस ते माझ्या कानावर आलं. बचत गटाचं कर्ज मंजूर झालंय, आणि तुझे मालक रविवारी सांगोल्याच्या बाजारात गाई बघायला जाणार आहेत. दोन गाई, एचएफ, पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, बारा-पंधरा लिटरच्या. सांगताना तुझं तोंड असं उजळलं होतं की मला पुढं बोलवेना. आता आपण दोघीच आहोत म्हणून विचारते. त्या गाई खाणार काय?

हसू नको. ‘घेऊ काहीतरी, मका लावू, वाढं आणू’ हे उत्तर मी पण दिलं होतं. २०११ साली. तुझे दाजी आणि मी मोठ्या हौसेनं दोन गाई आणल्या, गोठ्यावर पत्रा टाकला, किटल्या घेतल्या. वैरणीचं रान मात्र ठरवलं नाही. बांधावर थोडं गवत होतं, उसाचं वाढं मिळत होतं, भागलं. पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला आणि कडबा शेकड्यानं विकत घ्यायची पाळी आली. दुधाचे पैसे डेअरीतून यायचे आणि कडब्याच्या गाडीबरोबर निघून जायचे. सहा महिने मी गाईंची चाकरी केली आणि हातात काय राहिलं? शेण. शेवटी एक गाय विकली. दुष्काळात विकताना गाईची काय किंमत येते ते तुला सांगायला नको. घेणाऱ्याला तुझी गरज तुझ्या तोंडावर वाचता येते.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी बांधलीय आणि तीच तुला सांगायचीय. आपण वैरणीला पीक मानतच नाही. ऊस पीक, डाळिंब पीक, जोंधळा पीक. आणि वैरण म्हणजे त्यातून उरेल ते. उरलंसुरलं रान, उरलंसुरलं पाणी, बांधाची कड. पण गाय काही उरलंसुरलं दूध देत नाही, तिला रोज पोटभर लागतं. म्हणून जनावरांच्या वाट्याचं रान आधी काढून ठेवायचं आणि मग उरलेल्यात माणसांचं बघायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण सोलापूर जिल्ह्यात दूध करायचं तर हेच सुलटं आहे.

आप्पांची गंज आठवते ना? गोठ्यामागं, आपण लपाछपी खेळायचो ती. आई ओरडायची, ‘विंचू असतोय त्यात.’ त्या कडब्याच्या गंजी दोन असायच्या. एक चालू सालची, एक मागच्या सालची. नवीन कडबा आला की जुन्याला हात लावायचा. मी एकदा विचारलं होतं, ‘आप्पा, एवढा कशाला ठेवता, विका की.’ तर ते म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात ज्यांच्या गंजी होत्या त्यांचीच बैलं वाचली. आपल्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी कोठारं उघडली ती कथा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण ती कोठारं माणसांच्या धान्याची होती बाई. जनावराचं कोठार म्हणजे ही गंज, आणि ती आपली आपण भरायची असते.

चारा छावणीवर भरवसा ठेवू नको. २०१८च्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात तुमचा सांगोला होता, मंगळवेढा होता, आमचं मोहोळही होतं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही जनावरं घेऊन छावणीत होतो. मोठ्या जनावरामागं सरकार दिवसाला आधी ९० आणि मग १०० रुपये देत होतं, त्या छावण्यांनी जनावरं जगली हे खरं. मी नावं ठेवत नाही. पण जगणं वेगळं आणि दूध देणं वेगळं. पालाखाली, धुळीत, मोजून मिळणाऱ्या वाढ्यावर गाय उभी राहते, आटते मात्र. आणि बायामाणसांचे हाल? घर एकीकडं, जनावरं एकीकडं, पोरांची शाळा तिसरीकडं. २०२३ला परत दुष्काळी ४० तालुक्यांत सांगोला आलाच ना? म्हणजे हा पाहुणा चार-पाच वर्षांनी येणारच आहे. त्याचं ताट आधीच वाढून ठेवलेलं बरं.

आता हिशेब करू. बोटांवर कर, कागद नको.

मोठ्या गाईला दिवसाला ५ किलो वाळली वैरण धर आणि १५ ते २० किलो ओली. वाळल्याचे वर्षाला झाले १८ क्विंटल. आता तुमच्यासारख्या मध्यम कोरडवाहू रानात, साल बरं असेल तर, एकरी २० ते २२ क्विंटल कडबा निघतो. म्हणजे एका गाईमागं जवळजवळ एक एकर जोंधळा. दोन गाईंना दोन एकर, आणि कालवड झाली की वरचं आणखी. ओल्याचं बघ. १५ किलोनं वर्षाला साडेपाच टन. नेपियर गवताला भरपूर पाणी आणि शेणखत असेल तर गुंठ्याला वर्षात टनभर निघतं. म्हणजे गाईमागं ५-६ गुंठे, तेही बारमाही पाण्याचे. तुमचं रान पाच एकर, त्यात दोन एकर डाळिंब. राहिलं काय? बघ, चेहरा पडला ना? अगं, हाच हिशेब बाजारात जाण्याआधी करायचा. पेंडी तोलून बघायची, गाईंची संख्या पेंढ्यांवरून ठरवायची. दोनाऐवजी एक गाय आण. पुढच्या वर्षी गंज बघून दुसरी.

बरं, आता पेरायचं काय ते ऐक. वेळ चांगली आहे, श्रावण चालू आहे.

पहिला मान शाळूचा. आपल्या सोलापुरात पाऊस मुळात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातलाही मोठा हिस्सा सप्टेंबरात. देवानं हे रान रब्बीसाठीच घडवलंय असं आप्पा म्हणायचे. काळी माती सप्टेंबरातलं पाणी पिऊन ठेवते आणि त्या ओलीवर, वरून थेंब न पडता, जोंधळा चार महिने उभा राहतो. असं पीक सहज सापडायचं नाही. त्यात मालदांडी म्हणजे तर आपल्या माहेरची. मोहोळच्या केंद्रात १९३०च्या दशकात इथल्याच गावरान मालदांडीतून निवड करून ती मालदांडी ३५-१ काढली, आणि आजही तिच्या भाकरीची चव आणि कडब्याचा गोडवा दुसऱ्याला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगीच? जनावरसुद्धा ओळखतं. संकरित जोंधळ्याचं जाड धाट पुढं टाक, ते हुंगून बाजूला सारतं. मालदांडीच्या कडब्याला बुडख्यापर्यंत चावतं.

पण आंधळेपणानं मालदांडी पेरू नको. इथंच बहुतेकजण चुकतात. वाण रानाची खोली बघून घ्यायचा. एक फुटावर मुरूम लागत असेल तर फुले अनुराधा किंवा फुले माउली. एक ते दोन फूट माती असेल तर मालदांडी, फुले सुचित्रा, फुले चित्रा. दोन फुटांच्या खाली काळी असेल तर फुले वसुधा, फुले यशोदा. पाणी द्यायची सोय असेल तर फुले रेवती. यातले फुले नावाचे सगळे राहुरीच्या विद्यापीठाचे वाण, कडबा आणि दाणा दोन्ही बघून काढलेले. हलक्या रानात भारी रानाचा वाण पेरला की फुलोऱ्यात ओल संपते, कणीस पोकळ आणि धाट बोटाएवढं. मग माणूस पावसाला शिव्या देतो.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, उत्तरा आणि हस्त धरून. बियाणं एकरी ४ किलो, दीड फुटावर ओळ. त्याच्याआधी, म्हणजे आता, रानात दहा बाय दहा मीटरचे वाफे पाडून ठेवायला सांग. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राची ही जुनी शिफारस आहे. पडलेलं पाणी वाफ्यात अडतं, मुरतं, ओढ्याला जात नाही. आणि कोळपणी चुकवायची नाही. तिसऱ्या आठवड्यात पहिली, पाचव्यात दुसरी, आठव्यात तिसरी. तिसरी दातेरी कोळप्यानं, कारण तोवर काळी भेगाळायला लागते आणि भेगेतून ओल उडून जाते. मातीनं भेग बुजवली की समज एक हलकं पाणीच दिलं.

काढणीला माणसं मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. जोंधळा उपटून काढायचा, त्याच्या पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. त्या कष्टाला घाबरूनच लोक शाळू सोडून उसाकडं गेले. म्हणून तर कडब्याला आज असा भाव आहे. इरजिक कर. चार घरच्या बाया मिळून आज तुझं, उद्या माझं. मजुरी वाचते आणि तोंडंही चालतात.

कडबा घरी आला की गंज नीट रचा. खाली दगड-लाकडाचा थर म्हणजे वाळवी लागत नाही, वर उतार म्हणजे अवकाळीचं पाणी आत जात नाही. आणि अख्खी पेंडी गव्हाणीत टाकायची सवय मोड. कुट्टी करून घाल. अख्खा कडबा घातला की गाय पाला खाते, बुडखे पायाखाली तुडवते, आणि ते गोळा करून चुलीत घालणारी आपणच. कुट्टीयंत्र एकटीला परवडत नसेल तर गटातून घ्या. बरोबरीनं तुरीचं भूस, हरभऱ्याचं भुसकट राखून ठेव. कडब्यानं पोट भरतं, पण अंगात ताकद यायला डाळीच्या जातीचं काहीतरी लागतं.

दुसरं, कडवळ, म्हणजे हिरव्या वैरणीचा जोंधळा. उन्हाळी मोटारीला पाणी आहे तोवर किंवा जूनच्या पावसावर, एकरी १६ किलो दाट पेरायचं. साधं कडवळ एकदा कापून संपतं. कोइमतूरच्या विद्यापीठाचं सीओएफएस-२९ आहे, ते एकदा पेरलं की कापून परत फुटतं. पहिली कापणी साधारण सव्वादोन महिन्यांनी, मग दर दीड-दोन महिन्यांनी. बियाणं बारीक असतं, एकरी दोन-अडीच किलो पुरतं, खोल पेरलं तर वरच येत नाही.

आता जवळ सरक. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

आमची तांबडी गाय गेली ती नजरेनं नाही गेली. सगळे नजर म्हणाले, मी पण मान डोलवली, कारण खरं सांगायची लाज वाटली. २०१५ साली ऑगस्टात पावसानं ताण दिला होता. कडवळ गुडघ्याएवढं होऊन थबकलं, पानं गुंडाळली. मला वाटलं वाळून जाण्यापेक्षा गाईच्या पोटात गेलेलं बरं. भारा कापून आणला आणि उपाशी गाईपुढं टाकला. अर्धा तास झाला नसेल, ती धापा टाकायला लागली, पाय लटपटले, आडवी झाली. डॉक्टर पोचेपर्यंत खेळ संपला होता. किराळ लागली होती. जोंधळा कोवळा असताना, किंवा पाण्याच्या ताणात खुरटला की, किंवा कापलेल्या बुडख्याला नवीन पोंगा फुटला की त्यात विष भरतं. गाईच्या पोटात गेल्यावर त्याचं सायनाईड होतं गं. गुडघ्याएवढ्या हिरव्यागार कडवळात एवढं मरण लपलेलं असतं.

म्हणून लक्षात ठेव. कडवळ निम्मं फुलोऱ्यात आल्याशिवाय विळा लावायचा नाही. ताण पडून मग पाऊस झाला तर नवीन फुटव्याच्या रानात जनावर सोडायचं नाही. शंका असेल तर कापून उन्हात चांगलं सुकव, कुट्टी कर, कडब्यात मिसळून थोडंथोडं घाल, आणि उपाशी पोटी कधीच नाही. जनावर धापा टाकायला लागलं तर गुळाचं पाणी, लिंबू, मंतर यात वेळ घालवू नको. पहिला फोन डॉक्टरला. यावर शिरेतून द्यायचं औषध आहे, ते वेळेत मिळालं तर जनावर वाचतं.

याच कारणासाठी तुझ्या त्या माळाच्या तुकड्याला मी बाजरी सांगेन. बाजरीला किराळ नाही, आणि हलक्या रानात, कमी पावसात ती जोंधळ्यापेक्षा चिवट. वैरणीसाठी जायंट बाजरी आहे, बायफ बाजरी आहे. तुमच्या सांगोल्याकडं बाजरी नवी नाही, फक्त आपण ती कणसासाठीच पेरत आलो.

नेपियरचं सगळे सांगतील. चांगलं आहे, फुले जयवंत, फुले गुणवंत, यशवंत, सगळं चांगलं. पण ते पाण्याचं लाडकं आहे, कोरड्या माळाचं नव्हे. एकरभर लावून उन्हाळ्यात जळताना बघण्यापेक्षा तीन-चार गुंठे लाव, आणि कुठं? घराच्या मागं, न्हाणीचं आणि हौदाचं सांडपाणी जातं तिथं. दोन बाय तीन फुटावर डोळ्यांची कांडी. आणि मी घराजवळ का म्हणते कळलं का? कारण कापून आणणारी तू आहेस. तुझे मालक कागदावर गुंठे दाखवतील लांबच्या पट्टीत. डोक्यावर भारा घेऊन रोज दीड किलोमीटर कोण चालणार? रान ठरवताना तू बोल. एकटं नेपियर मात्र घालू नकोस, त्यातलं ऑक्झलेट गाईचं कॅल्शियम ओढतं. उसाच्या वाढ्याचंही तेच. गळीत हंगामात फुकटात मिळतं म्हणून नुसत्या वाढ्यावर गाय ठेवली की विल्यानंतर ती बसते. वाढं घालायचंच तर कुट्टी करून चुन्याच्या निवळीत भिजवून घाल, आणि खनिज मिश्रण रोज चालू ठेव.

बांध मोकळे ठेवू नकोस. बांधावर शेवरी, हादगा, दोन शेवगे लाव. सुबाभूळ लाव, पण ओल्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नको, त्यात मिमोसिन असतं, केस गळतात जनावराचे. बाभळीच्या शेंगा पोरांना गोळा करायला लाव, शेळ्यांना त्यासारखा खुराक नाही. आणि डाळिंबाच्या वरचा तो माळ, जिथं कुसळी गवताशिवाय काही येत नाही, तिथं मारवेल आणि अंजन गवत टाक, मधून स्टायलो. अंजन तर राजस्थानच्या वाळवंटातही तग धरतं. बी हलकं असतं, मातीत मिसळून वरच्यावर फोकायचं, गाडायचं नाही. स्टायलोचं बी कढत पाण्यात जरा वेळ धरून मग पेरायचं, नाहीतर टणक टरफलातून उगवतच नाही. पहिलं वर्ष त्यात जनावर सोडायचं नाही, काहीही झालं तरी. मुळं धरू दे. पुढं वर्षानुवर्षं नांगर नाही, बी नाही, पाणी नाही.

निवडुंगाचं ऐकलंयस का? तोंड वाकडं करू नको. बिनकाट्याचा निवडुंग, वैरणीसाठी. आप्पा सांगायचे, दुष्काळात लोक फड्या निवडुंगाचे काटे भाजून जनावरांना घालायचे. आता काटेच नसलेली जात आलीय; उरुळी कांचनच्या बायफनं, म्हणजे मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेल्या संस्थेनं, तिचा प्रसार केलाय. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात गाईगुरं यावरच दुष्काळ काढतात. फड्यात ९० टक्के पाणी. म्हणजे उन्हाळ्यात वैरण आणि पाणी एकाच घासात. पण नुसता घातला की शेण पातळ होतं. तुकडे करून कडब्याच्या कुट्टीत कालवून घालायचा. फडा तोडून दहा-पंधरा दिवस सावलीत जखम सुकवायची आणि उंचवट्यावर लावायचा, पाणी साचलं की कुजतो. कुंपणाला दोन ओळी लाव. पोट भरण्यासाठी नाही, एप्रिल-मे निघण्यासाठी.

आणि ज्या वर्षी पाऊस चांगला होईल त्या वर्षी मुरघास कर. हे मी उशिरा शिकले. आफ्रिकन टॉल मका लावायची, दाणा चिकात आला की कापायची, बारीक कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशवीत तुडवून तुडवून भरायची. हवा राहिली की बुरशी आलीच. ४५ दिवसांनी उघडायचं. आंबूस-गोड वास आला की जमलं. एका घनफुटात साधारण १५ किलो बसतं, त्यावरून तुझा खड्डा काढ. मुरघास मग वर्षभरही टिकतो. फक्त एकदा उघडला की रोज काढावा लागतो.

मोबाईलवर काय काय दाखवतील. ट्रेमध्ये मक्याचे मोड, एक किलोचे आठ किलो! अगं, ते वाढलेलं पाणी असतं. मूळ मक्यातला कस आठ दिवसांत वाढत नाही, थोडा घटतोच. तसल्या यंत्रात पैसे घालू नकोस. त्यापेक्षा जुना, कसहीन कडबा पडला असेल तर १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपड, दाबून झाकून २१ दिवस ठेव, मऊ होतो, कस वाढतो. युरियाचं पाणी मात्र उघड्यावर ठेवलंस तर माझ्याशी गाठ आहे. एखादी वासरी तोंड घालेल आणि जाईल. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना असला कडबा घालायचाच नाही.

बियाणं कुठून घ्यायचं? बाजारातलं सुटं घेऊ नको. मी एकदा एका दुकानातून लसूण घासाचं सुटं बी आणलं, स्वस्त होतं. दुसऱ्या महिन्यात घासावर पिवळे दोरे चढले. अमरवेल! अख्खा वाफा उपटून जाळावा लागला. राहुरीच्या विद्यापीठाचं बियाणं, ठोंबं मिळतात, मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचार. मी येईन हवं तर बरोबर. आमच्याकडूनच नेपियरची कांडी आणि दोन फडे घेऊन जा, ते विकत कशाला घ्यायचे?

आणि एक, गाईबद्दल. एचएफच पाहिजे का? मी नको म्हणत नाही, दूध तिचंच. पण ती खाणारी, आणि तुमच्या उन्हाला धापणारी. खिलारीचं दूध कमी, हे मान्य. मधला मार्ग म्हणून पंढरपुरी म्हैस बघ. ती तलवारीसारखी लांब शिंगंवाली. आपल्याच मातीतली, कडब्यावर तगणारी, उन्हाला न घाबरणारी, आणि दुधाला फॅट. तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांच्या माहेरी असायच्याच. म्हाताऱ्या माणसाला विचारलं की त्यांनाही बरं वाटतं आणि निर्णयात त्या तुझ्या बाजूच्या होतात. हे वैरणीचं नाही, संसाराचं सांगितलं.

कर्ज गटाचं आहे ना? म्हणजे तुझ्या नावावर. मग डेअरीचं खातंही तुझ्या नावावर काढ. भांडून नाही, सहज. ‘हप्ता माझ्या खात्यातून जातो, पैसेही तिथंच आलेले बरे’ म्हण. वैरण कापणारीच्या हातात दुधाचा हिशेब असला की वैरणीला रान मिळतं, हे मी बारा घरांत बघितलंय.

झोप आली का? बरं, शेवटचं. काल संध्याकाळी आईनं काय केलं बघितलंस? आज विळा लावायचा नाही म्हणून तिनं गाईसाठी आजची वैरण कालच कापून, गोणपाटाखाली झाकून ठेवली. एवढ्या एका सणाच्या दिवसासाठी. कुणी सांगितलं नाही तिला, हात आपोआप चालतो तिचा. तुला मी जे रात्रभर सांगतेय ते त्याच्यापेक्षा जास्त काही नाही. फक्त तिनं एका दिवसाचं केलं, तुला वर्षाचं करायचंय.

आज पंचमी, आज खणायचं नाही. पण परवा घरी गेलीस की कुदळ घे आणि तुझ्या मालकांना घेऊन रानात जा. तीन ठिकाणी खड्डा काढा. मुरूम किती फुटावर लागतो ते बघा आणि मला फोन कर. आधी तेवढं सांग. गाय कुठली आणि केवढ्याची, ते रविवारी नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी बघू.